लॉगिनच्या प्लगिननंच दार उघडं ठेवलं: चपलांच्या दुकानाची साइट

सातवी गल्ली
शुक्रवार, रात्री ११:२०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. राजारामपुरीत बसून मी लहानसहान साइट सांभाळतो. सध्या एकवीस आहेत: चपला, गूळ, दोन फाउंड्र्या, एक पतसंस्था (नुसती माहितीची पानं, व्यवहार नाहीत), एका हायस्कुलाच्या माजी विद्यार्थ्यांची. सगळ्या वर्डप्रेसवर (साइट चालवायची तयार प्रणाली). हाच पोटापाण्याचा धंदा, त्यामुळं जे झालं ते चारचौघांत लिहायला जरा जड जातंय. पण माझ्यासारखं काम करणारे इथं बरेच आहेत, म्हणून लिहितो.

मंगळवारी महाद्वार रोडच्या चप्पलवाल्या काकांचा फोन आला. "अरे, गिऱ्हाईक म्हणतंय, गुगलवर आपली कापशी चप्पल दाबली की जपानी घड्याळं दिसाय लागलीत. माझ्या मोबाइलवर तर सगळं बरोबर हाय." मी माझ्याकडं उघडून बघितली. धुतल्या तांदळासारखी साइट. मग गुगलमधून गेलो, आणि घड्याळं! थेट पत्ता टाकणाऱ्याला, म्हणजे मालकाला, काही दिसू नये आणि शोधून येणाऱ्यालाच दिसावं अशी सोय करून ठेवलेली.

युजरची यादी उघडली. ॲडमिन दोन हवेत, होते तीन. तिसऱ्याचं नाव 'सपोर्ट', नोंद आदल्या शुक्रवारी पहाटे २:५२ ची.

माझी पहिली शंका काकांच्या पासवर्डवर. त्यांचा पासवर्ड म्हणजे नातीचं नाव आणि पुढं चार आकडे. मनातल्या मनात काकांना चार शब्द ऐकवूनही झाले. (चुकलं. त्यांची माफी मागितली आहे.) पण चुकीचे पासवर्ड मोजून अडवणारं एक प्लगिन (वर्डप्रेसला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) मी तिथं बसवलंय, त्याचा पडदा बघितला तर 'या आठवड्यात ६,४१२ प्रयत्न रोखले', शेजारी हिरवी खूण. हाच फोटो मी दर महिन्याला बिलाबरोबर काकांना पाठवतो. कशाचे पैसे घेतो ते दिसावं म्हणून.

मग सर्व्हरची ॲक्सेस लॉग (कोण कधी काय मागायला आलं त्याची वही) उतरवली आणि त्या पहाटेच्या ओळी वाचत बसलो. वर-खाली सगळीकडं डब्ल्यूपी-लॉगिन.पीएचपीवर, म्हणजे लॉगिनच्या पानावर, धडका, दर मिनिटाला चार-पाच. त्या गर्दीत २:४७ ला एक वेगळा पत्ता येतो. ॲडमिन-एजॅक्सकडं (प्लगिनं ज्या फाईलीमार्फत निरोप घेतात ती) माहिती पाठवणारी एक पोस्ट विनंती, उत्तर २००, म्हणजे 'ठीक'. पुढच्याच सेकंदाला डब्ल्यूपी-ॲडमिन, २००. मग प्लगिन चढवायचं पान. त्या पत्त्यावरून आधी एकही चुकीचा पासवर्ड नाही, लॉगिनचं पान उघडल्याचीसुद्धा नोंद नाही. ६,४१२ जण पुढच्या दारात रांग लावून उभे, आणि हा बोळातून थेट माजघरात.

बोळ कुठला, तर 'गुगलनं लॉगिन करा' हे बटण. गिऱ्हाईकं पासवर्ड विसरतात म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच एक प्लगिन टाकून ते दिलं होतं. खरी रीत अशी: गुगल ब्राउझरला सही केलेलं एक टोकन (ओळखचिठ्ठी) देतं, प्लगिननं ती सही तपासायची आणि ईमेल त्या टोकनच्या आतून काढायचा. या प्लगिनचा कोड वाचला तर ते टोकन घेत होतं, पण ईमेल मात्र शेजारच्या वेगळ्या रकान्यातून उचलत होतं. ब्राउझरनं जो लिहून पाठवला तो. लॅपटॉपवर साइटची प्रत चालवून करून बघितलं. ईमेलच्या जागी ॲडमिनचा, टोकनच्या जागी 'अआइई'. डॅशबोर्ड उघडला. रात्रीचा दीड वाजला होता, लॅपटॉप मिटून जरा गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

काकांचा ईमेल कुठं मिळाला असेल? संपर्काच्या पानावर आहे. बिलावर आहे. कॅरीबॅगवर आहे.

प्लगिनचं नाव सांगत नाही. बनवणाऱ्याला कळवलंय, दुरुस्ती अजून आलेली नाही. तुमच्याकडं असं बटण असेल तर ते कुठून आलंय ते बघा.


चटणीभाकर
शुक्रवार, रात्री ११:४१

कॅरीबॅगवर किल्ली छापून वाटली म्हणा की! कुंपणानंच शेत खाल्लं.

चेष्टा बाजूला. काकांचं नुकसान किती?


सातवी गल्ली
शुक्रवार, रात्री ११:५५

पैशाचं नाही. कार्डाची माहिती पेमेंट गेटवेच्या पानावर भरली जाते, आमच्याकडं येतच नाही. पण ऑर्डरींत नावं, पत्ते, फोन आणि पायाची मापं आहेत. मापांचं कुणी काही करणार नाही, फोन नंबरांचं करू शकतं. काकांनी स्वतः दुकानात बसून गिऱ्हाइकांना मेसेज केले: आमच्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका.


मिरजकर तिकटी
शनिवार, सकाळी ७:१०

वर्डप्रेस म्हणजे चाळण, हे मी इथं दहा वेळा लिहिलंय. चाळणीत पाणी भरायचं आणि मग गळतंय म्हणून धागे काढायचे. दुकानाची साइट म्हणजे पाच पानं. हातानं लिहा, लॉगिनच ठेवू नका, विषय संपला.


कोटितीर्थ
शनिवार, सकाळी ९:३२

मिरजकर, लॉगिन नकोच, हे पाच पानांपुरतं एकदम मान्य. पण काकांना ऑर्डरी घ्यायच्यात, माल संपला की साइटवरचा फोटो हटवायचाय. त्याला लॉगिन लागणारच, आणि ते तुम्ही हातानं लिहिलंत तर हीच चूक तुमच्या हातून होईल. फरक एवढाच की ती कुणाला सापडल्याचं तुम्हाला कधी कळणार नाही.

वर्डप्रेसचं मूळ लॉगिन वर्षानुवर्षं जगभरच्या लोकांनी ठोकून बघितलंय. एप्रिल २०२५ च्या ६.८ आवृत्तीत पासवर्ड साठवायची पद्धतसुद्धा बदलून बीक्रिप्ट ही फोडायला अवघड पद्धत आणली. भानगड असते ती आपण बाजूला पाडलेल्या दारांची. आणि त्यातली कितीतरी दारं सुरक्षेच्या नावाखाली पाडलेली असतात.

नोव्हेंबर २०२४ चं रिअली सिंपल सिक्युरिटीचं प्रकरण घ्या, भोकांच्या जगभरच्या यादीत सीव्हीई-२०२४-१०९२४. ४० लाखांहून जास्त साइटवर हे प्लगिन. आवृत्ती ९.०.० ते ९.१.१.१. भोक कुणाला? तर ज्यानं त्यात दुहेरी पडताळणी सुरू केली होती त्याला! आळशी वाचला, शहाणा उघडा पडला. दुसऱ्या टप्प्याच्या विनंतीत युजरचा क्रमांक आणि नॉन्स नावाचं तात्पुरतं चिन्ह यायचं. नॉन्स तपासणारं फंक्शन आपलं काम चोख करायचं, खोटं असेल तर 'चूक' असं उत्तरही द्यायचं. पण ज्यानं विचारलं होतं तो ते उत्तर ऐकून न घेताच पुढं जायचा आणि नुसत्या क्रमांकावरून माणसाला आत घ्यायचा. शिरोलीतल्या एखाद्या कारखान्यात वॉचमन ओरडतोय 'पास खोटा हाय', आणि दुसरा वॉचमन गेट उघडतोय, तसं. धोक्याचा आकडा १० पैकी ९.८. दुरुस्ती ९.१.२ मध्ये आली आणि वर्डप्रेसवाल्यांनी ती साइटवर सक्तीनं ढकलली.

त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये लॉगिनायझर. काम तुमच्या हिरव्या खुणेवालंच: चुकीचे पासवर्ड मारणाऱ्याला अडवायचं. १० लाखांहून जास्त साइट. चुकलेल्या प्रयत्नाचं युजरनेम ते डेटाबेसकडं न्यायचं, पण नीट साफ न करता. म्हणजे युजरनेमच्या रकान्यात कुणी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूमच, लिहिला तर तो आत जाऊन चालायचा. तिथंही १.६.४ सक्तीनं ढकलावी लागली.

जून २०२३ मध्ये मिनिऑरेंजचं सोशल लॉगिन. (तुमचं प्लगिन ते नव्हे, हे वर्णनावरूनच कळतंय, पण खोड जवळची.) तिथं माहिती कुलूपबंद करून पाठवायचे खरं, पण कुलपाची किल्ली कोडमध्येच लिहिलेली आणि सगळ्या साइटना तीच. ज्याला तुमचा ईमेल माहीत त्याला तुमच्या नावानं आत जाता यायचं. ३०,००० च्या वर साइट होत्या, ७.६.५ मध्ये मिटलं.


शाहूपुरीची ताई
शनिवार, सकाळी १०:०५

मी घरगुती कांदा-लसूण चटणी विकते, साइट भावानं करून दिली आहे. कोटितीर्थ दादा, तुमचं वाचून घाबरायला झालं. माझ्याकडं मोबाइलवरचा सहा आकडी कोड लागतो. तो काढून टाकू का?


कोटितीर्थ
शनिवार, सकाळी १०:२०

अजिबात नाही ताई! चूक माझ्या लिहिण्याची. कोड राहू दे. तो नसेल तर कुठल्यातरी दुसऱ्या साइटवरून फुटलेला पासवर्ड तुमच्याकडं चालवून बघणाऱ्याला रान मोकळं. प्लगिनच्या यादीत उजवीकडं 'स्वयंचलित अपडेट सुरू करा' असा दुवा असतो, तो दाबलेला आहे का तेवढं बघा. ही सोय ऑगस्ट २०२० च्या ५.५ पासून आहे, पण ती आपण सुरू करावी लागते.


शाहूपुरीची ताई
शनिवार, सकाळी १०:४८

दाबला. सतरा प्लगिन आहेत. त्यातल्या तिघांच्या नावात 'लॉगिन' आहे. भावाला विचारलं तर म्हणतो, एक चालेना म्हणून दुसरं टाकलं, पहिलं काढायचं राहिलं.


सातवी गल्ली
शनिवार, सकाळी ११:३०

ताई, तुमच्या भावाला काही म्हणू नका, माझ्या एकवीस साइटवर काल सकाळी हेच मोजलं. लॉगिनला हात लावणारी एकूण ४३ प्लगिन निघाली. पत्ता लपवणारं, कॅप्चा लावणारं, लॉगिनचं पान सजवणारं, एक तर नुसतं लॉगिनच्या पानावर गणपतीचा फोटो लावणारं. प्रत्येक टाकताना मला वाटत होतं मी आणखी एक कुलूप लावतोय. संध्याकाळपर्यंत ४३ ची १९ केली. बंद करून ठेवली नाहीत, पार काढून टाकली. बंद केलेल्या प्लगिनच्या फायली सर्व्हरवर तशाच पडून असतात, आणि फाईलला थेट हाक मारता येत असेल तर ती बंद आहे की चालू हे विचारायला कुणी थांबत नाही.


कोथरूडहून
शनिवार, दुपारी १:१५

कोल्हापूरच्या धाग्यावर पुण्याचा माणूस, सांभाळून घ्या.

दोन गोष्टी. एक, साफ करताना ॲप्लिकेशन पासवर्ड (बाहेरच्या ॲपसाठी काढलेले वेगळे पासवर्ड) बघितलेत का? डिसेंबर २०२० च्या ५.६ पासून प्रत्येक युजरच्या प्रोफाइलमध्ये खाली असतात. मूळ पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहतात.

दोन, प्रयत्न मोजणाऱ्या प्लगिनला समोरच्याचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) कुठून कळतो ते बघा. पुष्कळ जण एक्स-फॉरवर्डेड-फॉर हे हेडर, म्हणजे विनंतीबरोबर येणारी चिठ्ठी, वाचतात. साइट प्रॉक्सीमागं (मध्ये बसून विनंत्या पुढं पाठवणाऱ्या सर्व्हरमागं) असेल तर ते लागतं, पण नसेल तर ते हेडर पाठवणाऱ्याच्या मर्जीचं. दर विनंतीला नवा आयपी लिहून पाठवला की मोजणी कायम एकवर. उलटही होतं: साइट प्रॉक्सीमागं आहे आणि प्लगिनला प्रॉक्सीचाच आयपी दिसतोय, मग एका उपद्रव्यापायी सगळं गाव बंद.


चटणीभाकर
शनिवार, दुपारी १:२२

पुण्याचा माणूस दुपारी एक ते चारच्या दरम्यान जागा! लॉग तपासा, हाच हॅकर.


सातवी गल्ली
शनिवार, दुपारी २:०५

कोथरूडहून, पहिल्या मुद्द्याबद्दल तुम्हाला तांबडा-पांढरा लागू. खरंच होता एक. काकांच्याच खात्यात, 'मोबाइल' नावाचा, त्याच शुक्रवारी पहाटे ३:०१ चा. मी 'सपोर्ट' काढला, पासवर्ड बदलले, डब्ल्यूपी-कॉन्फिगमधल्या सॉल्ट किल्ल्या बदलून सगळ्यांची लॉगिनं मोडली, मूळ फायली नव्या टाकल्या, अपलोडच्या फोल्डरात फोटोंच्या मध्ये बसलेली एक पीएचपी फाईल शोधली, आणि समाधानानं झोपलो. तो 'मोबाइल' सापडला दोन दिवसांनी, तोही मी दुसरंच काही शोधत असताना. लॉगमध्ये तो परत वापरलेला दिसत नाही, तेवढं नशीब.

काकांना विचारलं, तुम्ही केलाय का? ते म्हणाले, "मी मोबाइल घेतला दिवाळीला. साइटवर कशाला घेऊ?"


मिरजकर तिकटी
शनिवार, दुपारी ४:४०

बरं, मग लॉगिनचा पत्ताच बदलला तर? डब्ल्यूपी-लॉगिनच्या जागी काकांच्या गावाचं नाव. दार सापडलंच नाही तर ठोकणार कुठं?


कोटितीर्थ
शनिवार, संध्याकाळी ६:१०

पाटी काढल्यानं दाराला कडी लागत नाही. पत्ता लपवणारी प्लगिनं तो पत्ता फोडतातही: डब्ल्यूपीएस हाइड लॉगिनमध्ये २०२१ साली असंच भोक होतं, १.९.१ मध्ये बुजवलं. आणि काकांच्या प्रकरणात चोर पुढच्या दाराला गेलाच नाही ना?

पत्ता लपवलात तरी एक्सएमएलआरपीसी.पीएचपी (बाहेरच्या ॲपना साइटशी बोलायची जुनी फाईल) उघडी असते. पूर्वी तिथं एकाच विनंतीत शेकडो पासवर्ड देऊन बघता यायचे. ४.४ पासून पहिला चुकला की त्या विनंतीतले बाकीचे नाकारले जातात, पण एकेक करून तिथंही ठोकता येतंच. वापरत नसाल तर सर्व्हरवरच बंद करा. त्यासाठी आणखी एक प्लगिन टाकू नका, हात जोडतो.


सातवी गल्ली
शनिवार, संध्याकाळी ६:५५

कोटितीर्थशी ऐंशी टक्के सहमत. पण पत्ता लपवल्याचा एक फायदा मला आता पटलाय. लॉगमधला गोंगाट कमी होतो. त्या ६,४१२ धडका नसत्या तर २:४७ च्या त्या तीन ओळी मला शनिवारीच दिसल्या असत्या, मंगळवारी काकांचा फोन यायच्या आधी. फक्त ते सर्व्हरच्या नियमानं करावं.


कोटितीर्थ
शनिवार, रात्री ८:३०

हे मान्य.

अवांतर, पण सांगतोच, कारण आकड्यांची मजा आहे. लाइटस्पीड कॅश हे लॉगिनचं प्लगिन नव्हेच, साइट वेगवान करणारं, ५० लाखांच्या वर साइटवर. पाहुण्यांसाठी पानं आधीच तयार करून ठेवायला ते स्वतःच एखाद्या युजरचं सोंग घेऊन साइटवर फिरायचं, आणि त्या सोंगाची ओळख म्हणून सहा अक्षरांचा एक हॅश (गुप्त खूण). सहा अक्षरं म्हणजे अब्जावधी शक्यता वाटतात. पण ती अक्षरं निवडणाऱ्या यंत्राला बी म्हणून, म्हणजे सुरुवातीचा आकडा म्हणून, घड्याळातले मायक्रोसेकंद दिलेले. सेकंदात मायक्रोसेकंद किती? १० लाख. म्हणजे शक्य हॅशही १० लाखच. सेकंदाला तीन या बैलगाडीच्या वेगानं देऊन बघितले तरी चार दिवसांच्या आत सगळे संपतात, आणि जो लागू पडेल त्यानं ॲडमिनचं सोंग. ऑगस्ट २०२४, ६.४ मध्ये दुरुस्ती. म्हणजे ताईंनी नावात 'लॉगिन' असलेली तीन मोजली, पण युजरचं सोंग घेणारं कुठलं ते नावावरून कळत नाही.


उद्यमनगर
शनिवार, रात्री ९:१५

दोन दिवस वाचतोय, समजलं थोडं. आमची फाउंड्री हाय, साइटवर कास्टिंगचे फोटो आणि फोन नंबर, बास. गिऱ्हाइकांचं लॉगिन न्हाई, ऑर्डरी न्हाईत. आमच्यात घुसून कुणाला काय मिळणार? भंगार?


सातवी गल्ली
शनिवार, रात्री ९:४०

दादा, घुसणाऱ्याला तुम्ही कोण हे माहीतच नसतं. तो एका प्लगिनचं भोक घेऊन हजारो साइटवर आपोआप फिरतो, ज्याचं दार लवतं तिथं आत जातो. काकांकडं आलेल्याला कापशी म्हणजे काय हे थोडंच माहीत होतं.

आणि तुमच्याकडं मिळण्यासारखं आहे. तुमच्या साइटच्या सर्व्हरवरून तुमच्याच नावाचे ईमेल सुटू शकतात. परगावच्या पार्टीला मेल गेली की 'आमचं बँक खातं बदललंय, या महिन्याचं पेमेंट नव्या खात्यात टाका', तर ती पार्टी फोन करून विचारेल का?


उद्यमनगर
शनिवार, रात्री ९:४४

न्हाई विचारणार. मागच्या वर्षी आम्हीच न्हाई विचारलं एकाला. ते वेगळं प्रकरण, जाऊ दे.


कोथरूडहून
शनिवार, रात्री १०:०५

पैसे गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, जितका लवकर तितकं बरं. आणि सातवी गल्ली, सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) कळवलंत का? २८ एप्रिल २०२२ च्या त्यांच्या निर्देशांप्रमाणे लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं, आणि लॉग १८० दिवस ठेवायच्या.


सातवी गल्ली
शनिवार, रात्री १०:२०

कळवलं. सहा तासांत नाही, तिसऱ्या दिवशी. आधी मला तो नियम मोठ्या कंपन्यांचा वाटत होता. लॉगचं तर विचारूच नका, काकांच्या होस्टिंगवर तीसच दिवसांच्या राहतात. आता दर रविवारी उतरवून घेणार.


उद्यमनगर
शनिवार, रात्री १०:५२

तुमचं वाचून साइटची युजर यादी उघडली. २०१९ ला भाच्यानं साइट केली तेव्हापासून पहिल्यांदा. ॲडमिन चार. एक मी, एक भाचा, एक 'टेस्ट', एक 'डेमो'. शेवटी कधी आले ते कुठं दिसतं?


सातवी गल्ली
शनिवार, रात्री १०:५८

वर्डप्रेस ते आपणहून दाखवत नाही. भाच्याला विचारा, दोन्ही त्याचेच का.


उद्यमनगर
शनिवार, रात्री ११:१७

झोपेतनं उठवला. 'टेस्ट' त्याचा हाय. पासवर्ड पण टेस्टच, पुढं १२३. 'डेमो' मी केलाच न्हाई म्हणतो.


सातवी गल्ली
शनिवार, रात्री ११:२०

काही डिलीट करू नका. भाच्याला होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जायला सांगा आणि असतील तेवढ्या ॲक्सेस लॉग आत्ताच उतरवून घ्या. 'टेस्ट'चा पासवर्ड तेवढा बदला. मी सकाळी नऊला फाउंड्रीवर येतो.


उद्यमनगर
शनिवार, रात्री ११:२४

या. गेटवर आधी नाव सांगा. आमचा वॉचमन ऐकतो, सोडत न्हाई.